सूक्ष्म जीव आणि दूरची दृष्टी

मूलभूत संशोधनावरील खर्चाचा विषय निघाला की ‘याचा उपयोग काय?’ हा सवाल हटकून पुढे येतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील थो खाजणात १९९४ साली उजेडात आलेला ‘ऑस्ट्रिओकॉकस’ हा एकपेशीय जीव त्याला समर्पक उत्तर देतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असलेला हा जीव साध्या सूक्ष्मदर्शकात जिवाणूसारखा ठिपकाच भासतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मात्र त्याच्या अंतरंगात केंद्रक, एक तंतुकणिका व एक हरितलवक असा सारा प्रपंच दाखविला. तो ठिपका हरित शैवाल ठरला.

पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा भार सागरातील अशा सूक्ष्म जीवांवर आहे. मत्स्यधनाचे मूळ भांडवल तेच. आणि भांडवल न मोजता उत्पन्नाचे अंदाज बांधणे हा शहाणपणा नव्हे. रुस्का व नोल यांनी १९३१ साली बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला, तेव्हा हा लाभ कोणता हिशेबनीस सांगू शकला असता? तात्काळ उपयोगाच्या एकाच निकषावर संशोधनाचे अनुदान ठरविणे म्हणजे पेरणीचे बियाणे दळून खाणे होय.