कुत्र्याची लस : मालकाची मर्जी की शासनाचे कर्तव्य?

ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाचा प्रादुर्भाव जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात आढळला. त्यानंतर काही महिन्यांतच पशुसंवर्धन खात्याचे कर्मचारी गोठ्यागोठ्यांत पोचले आणि राज्यभर गायीबैलांना मोफत लस टोचली गेली. शासनयंत्रणेने मनावर घेतले तर ती काय करू शकते, हे खानदेशाने त्या वेळी डोळ्यांनी पाहिले. मग त्याच गोठ्याच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचणे हे मात्र बहुतांशी मालकाच्या मर्जीवर आणि खिशावर का सोडले जावे?

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतील तिसरा हिस्सा भारतातील असतो. चावा घेतलेल्यांत ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालील असतात. हा रोग माणसाला होतो तो प्रायः कुत्र्यापासूनच. पण त्याची लागण मांजरालाही होते, हे विसरता कामा नये.

शहरातील सुखवस्तू घरात कुत्र्याची लस ही हौसेचाच एक भाग असते. खानदेशात मात्र कुत्रा हा राखणदार आहे. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात, सातपुड्यातील पाड्यावर, साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या कळपामागे तो राबतो. त्याच्या मालकाला पशुवैद्याकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. कुत्रा चावलाच, तर सरकारी रुग्णालयात पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसासाठी चार खेपा पडतात. लस फुकट मिळते. बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी लस न टोचलेली नवी कुत्री येतात. परिसरातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे शास्त्र सांगते. शेजारच्या गोव्याने पाळीव आणि भटक्या अशा सर्वच कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षे चालविली आणि २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य ठरले. जे गोव्याला साधले ते धुळे-जळगावला का साधू नये?

कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे २०३० पर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र शासनाने २०२१ मध्ये जाहीर केला. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी असल्याचे २०२३ च्या नियमांत नमूद आहे. ती दोन्ही महानगरपालिकांनी पार पाडलीच पाहिजे. खेड्यांत पशुसंवर्धन खात्याने लाळ-खुरकुताच्या लसीसाठी गोठ्यात जातानाच कुत्र्यामांजरांचीही लस सोबत न्यावी. वर्षातून एखाद्या दिवशी शिबिर भरवून फोटो काढल्याने रोग हटत नसतो.

कार्यकर्त्यांनी हा विषय क्षुल्लक मानू नये. ग्रामसभेत ठराव मांडावेत, ग्रामीण रुग्णालयात लस व इम्युनोग्लोब्युलिन उपलब्ध आहे की नाही हे तपासावे. जखमेला मिरची वा चुना लावू नये, ती साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व तत्काळ रुग्णालय गाठावे, हे घरोघर सांगावे. गायीबैलाच्या आजारात धावून जाणाऱ्या शासनाला शेतमजुराच्या मुलासाठीही धावायला लावणे, हेही लोकशाहीचेच काम आहे.