आठवीनंतर मुलगी जाते कुठे?

मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत मुलीची शाळा सुटली की लग्नाचा विषय निघतो. गावातली शाळा बहुधा सातवी-आठवीला संपते. दिवाळीच्या सुमारास आईबाप मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कारखान्याकडे निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुलीला आजीजवळ ठेवलं तर जीव टांगणीला. सोबत नेलं तर तिथल्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, कडी नाही. त्यात उचल मिळते ती कोयत्याला, म्हणजे जोडप्याला. म्हणून मुलाकडच्यांनाही घाई. या आईबापांना अडाणी ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (२०१९-२१) आकड्यांनुसार अठरापूर्वी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर बीडमध्ये ४३ टक्क्यांच्या वर होतं. पुढचं ओघानंच येतं. वर्षभरात पाळणा हलला नाही की कुजबुज सुरू होते. सोळा वर्षांच्या, आधीच रक्त कमी असलेल्या मुलीला गरोदरपणात झटके येण्याचा आणि बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका जास्त असतो.

आपलं उत्तर मात्र एकच: गुन्हा दाखल करा. बालविवाह रोखायलाच हवा. पण अल्पवयीन मुलगी गरोदर असली तर पोक्सो कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, हे गावाला ठाऊक झालं आहे. मग मुलगी वय एकोणीस सांगते किंवा दवाखान्याची पायरीच चढत नाही. अल्पवयीन मुलीला चोवीस आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो आणि तिनं व पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना तिची ओळख सांगण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. हे किती आशाताईंना कुणी सांगितलं? नुसती भीती वाढवली तर नोंदवहीतले आकडे घटतील, पोटुशा मुली घटणार नाहीत.

शाळेनं तरी काय दिलं? २००७ मध्ये राज्यानं लैंगिक शिक्षणाला मनाई केली. मानवी प्रजननाचा धडा आहे दहावीच्या विज्ञानात. या मुलीची शाळा सुटली आठवीत. पाळी, गर्भधारणा, नकार द्यायचा हक्क हे सारं सहावी-सातवीतच, तिच्याशी मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे. आणि नववी-दहावीच्या मुलींचं वसतिगृह, खाट, जेवण, राखणीला बाई यांसह, टोळ्या गाव सोडतात त्याच्या आधी उघडलं पाहिजे. ते डिसेंबरात उघडून उपयोग नाही. तोवर तिच्या अंगाला हळद लागलेली असते.