धिंगरीचे रिकामे बेड उकिरड्यावर नकोत



आपल्या अकोला-अमरावती भागात सोयाबीनचं कुटार घरोघरी निघतं. त्यावर धिंगरी अळिंबी घेणारे महिला बचत गट आणि तरुण गावोगावी दिसतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तिसरी तोडणी झाली की बेडचं काय होतं? बहुतेक ठिकाणी ते प्लॅस्टिकसकट शेडमागे फेकले जातात. त्यावर हिरवी बुरशी चढते, माश्या होतात आणि तोच रोग पुढच्या लॉटमध्ये शिरतो. मग आपण बियाण्याला दोष देतो! गावातली ढोरं ते प्लॅस्टिक खातात, ते वेगळंच.

माझं म्हणणं असं की, उरलेलं काड हे धिंगरीचं दुसरं पीक समजावं. काडातला लिग्निन नावाचा टणक भाग अळिंबीनं आधीच फोडलेला असतो. त्यामुळे हे काड कोऱ्या कुटारापेक्षा लवकर कुजतं.

मात्र कुटार निर्जंतुक कसं केलं, यावर पुढचं ठरतं. गरम पाण्यात केलं असेल तर प्लॅस्टिक काढून काड शेणात निम्मेनिम मिसळा, पंधरा-वीस दिवस अर्धवट कुजू द्या आणि मग गांडुळं सोडा. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. बाविस्टीन-फॉर्मेलीनच्या पाण्यात भिजवलं असेल, तर ते काड ढोरांना घालू नका आणि गांडुळांच्या वाफ्यातही टाकू नका. बाविस्टीन गांडुळांना मारक आहे. असं काड शेडपासून दूर खड्ड्यात भरून चांगलं कुजवा. बुरशी लागलेले बेडही त्याच खड्ड्यात जाऊ द्या.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या चोपण जमिनीला सेंद्रिय खताची गरज सर्वांत जास्त. तिथं हे खत जरूर द्या. पण बटन अळिंबीचं वापरलेलं कंपोस्ट विकत आणून तिथं टाकू नका. त्यात क्षार जास्त असतात. आधीच खारट जमीन, त्यात आणखी मीठ कशाला?

आम्हा विस्तारवाल्यांनाही एक सांगणं आहे. प्रशिक्षणात बेड भरायला शिकवतो, तसं रिकामा बेड कुठं न्यायचा हेही त्याच दिवशी शिकवलं पाहिजे. आणि गटातल्या ताईंनो, कर्ज काढून शेड उभारता, तेव्हा पहिल्याच दिवशी खताचा खड्डाही खणून ठेवा. खताच्या पोत्याचा भाव पाहता तो खड्डा महाग पडणार नाही.