म्युलूझची कामगारघरे हे मालकांचे दान नव्हते



औद्योगिक शहरांतील कामगारवस्त्यांचा इतिहास लिहिताना फ्रान्समधील म्युलूझ शहराचे उदाहरण हमखास दिले जाते आणि तेथील घरे म्हणजे उदार गिरणीमालकांनी कामगारांना दिलेली देणगी, असे सांगितले जाते. त्या वस्तीचा आराखडा आणि जमाखर्च एकत्र वाचला तर हे वर्णन टिकत नाही; शिवाय या वर्णनामुळे महाराष्ट्रातील गिरणी कामगारांच्या घरांची चर्चाही चुकीच्या पायावर उभी राहते.

अल्सास प्रांतातील या शहरात 1746 साली छापील सुती कापडाचा पहिला कारखाना निघाला, तो भारतातून युरोपात जाणाऱ्या छिटांचे अनुकरण करण्यासाठीच. पुढील शंभर वर्षांत शहर गिरण्यांनी भरले, पण घरे त्या प्रमाणात वाढली नाहीत. लुई व्हिलेर्मे या फ्रेंच वैद्याने 1840 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, शहरातील भाडे परवडत नाही म्हणून दूरच्या खेड्यांतून रोज पायी येणारे कामगार, चिखलातून अनवाणी चालणाऱ्या स्त्रिया आणि एकाच खोलीत गवतावर झोपणारी दोन-दोन कुटुंबे यांची नोंद आहे.

या पार्श्वभूमीवर 1853 साली गिरणीमालक झाँ डॉलफुस यांच्या पुढाकाराने घरबांधणीची एक कंपनी स्थापन झाली. भरतकामाच्या धाग्यांमुळे आजही परिचित असलेल्या ‘डीएमसी’ या नावातील ‘डी’ म्हणजे याच घराण्याचे आडनाव. वास्तुरचनाकार एमिल म्युलेर यांनी आखलेल्या घरांपैकी ‘म्युलूझचा चौक’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यात एका छपराखाली, एकमेकांना पाठ लावून चार घरे असतात. प्रत्येक घर इमारतीचा एक कोपरा व्यापते, त्याच्या दोन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आणि दोन मोकळ्या असतात आणि मोकळ्या बाजूंना त्या घराची स्वतंत्र बाग असते. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमसारख्या शहरांत पाठीला पाठ लावून बांधलेल्या ओळघरांशी याची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. तेथे आतल्या घराच्या तीन बाजू बंद असत, वारा एकाच बाजूने येई, आणि अखेर 1909 च्या कायद्याने अशा नव्या घरांना बंदी घालावी लागली. म्युलूझमध्ये भिंतींचा खर्चही वाचला आणि दोन दिशांनी उजेड, वाराही मिळाला. इतक्या कमी पैशांत इतके मिळवून देणारा कामगारघराचा आराखडा त्या शतकात क्वचितच सापडेल.

आता जमाखर्च. भागधारकांचा लाभांश 4 टक्क्यांवर मर्यादित असला तरी लाभांश होताच. रस्ते, गटारे, सार्वजनिक स्नानगृह आणि धोबीघर अशा सामाईक सोयींना सरकारने, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीने, 3,00,000 फ्रँकचे साहाय्य दिले. घराची किंमत मात्र कामगाराने भरली: सुमारे दहावा हिस्सा आरंभी आणि उरलेली रक्कम 13 ते 15 वर्षे मासिक हप्त्यांनी. शतकाच्या अखेरीपर्यंत उभ्या राहिलेल्या 1,200 हून अधिक घरांमागे हजारो वेतनांतून बाजूला काढलेला पैसा आहे, आणि ज्याने पैसा भरला त्याला दानाचा लाभार्थी म्हणणे अन्यायाचे आहे.

या योजनेत दोष नव्हते असे नाही. आरंभीची रक्कम जमवू न शकणारे सर्वांत गरीब मजूर बाहेर राहिले, आणि कंपनीच्या संमतीविना दहा वर्षे घर विकता किंवा पोटभाड्याने देता येत नसे. फ्रीडरिख एंगेल्स यांनी 1872 च्या सुमारास घरांच्या प्रश्नावर लिहिताना म्युलूझची गणना भांडवलदारांच्या प्रदर्शनीय वस्तूंत केली, आणि स्वतःच्या घराने कामगार एका जागी, पर्यायाने एका मालकाशी, जखडला जातो असे प्रतिपादन केले. हप्ते चालू असताना हे खरेच होते. परंतु हप्ते फिटल्यावर जे घडले त्याचा हिशेब त्या टीकेत नाही. रहिवाशांनी बागेच्या कडेने खोल्या काढल्या, वर मजले चढवले, पडव्या जोडल्या. एकसारखी बांधलेली घरे पिढ्यांच्या गरजेनुसार वेगवेगळी झाली. ही वस्ती आजही नांदती आहे, आणि ती टिकली यात मूळ आराखड्याइतकाच या फेरफारांचा वाटा आहे.

याउलट, मुंबईत 1920 च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोलीचा रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरूच राहिला. बंद गिरण्यांच्या कामगारांना मिळणाऱ्या घरांविषयीही सरकारने केलेल्या उपकाराच्या भाषेत बोलले जाते. वास्तविक सोडतीत घर लागलेल्या कामगाराला त्याची किंमत भरावीच लागते. मुंबईपासून दूर असलेल्या शेलू आणि वांगणी येथील घरांच्या योजनेला कामगार संघटनांनी विरोध केला तेव्हा तो हट्ट मानला गेला. व्हिलेर्मे यांनी नोंदवलेला मूळ रोग घर आणि काम यांच्यातील अंतराचा होता. म्युलूझची वस्ती गिरण्यांपासून पायी जाण्याच्या टप्प्यात बांधली गेली, म्हणून तो रोग तेवढ्यापुरता बरा झाला. निवृत्त कामगारांची मुले मुंबईत नोकरी करतात हे लक्षात घेतले तर मुंबईतच घरे मिळावीत ही संघटनांची मागणी रास्त ठरते, आणि गिरण्यांच्या जमिनीतून गृहनिर्माणाच्या वाट्याला आलेला प्रत्येक भूखंड अन्य उपयोगाला जाण्यापूर्वी कामगारांच्या घरांसाठी वापरला जाणे आवश्यक आहे.

– एक वाचक