चिल्लर कोणी मोजायची?

आमच्या तालुक्याच्या गावी गुरुवारी बाजार भरतो. गेल्या महिन्यातील एका गुरुवारी, उन्हे कलल्यावर, एका किराणा दुकानी मी उभा होतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून परतणारी एक वृद्ध बाई तेल, तूरडाळ आणि साखर घेऊन हिशेबाला आली. हिशेब झाला ३४० रुपये. तिने पदराची गाठ सोडली आणि दहा-दहा रुपयांची चौतीस नाणी फळीवर ओतली. दुकानदाराने ती हातानेच मागे सारली. "मावशी, नोटा द्या. हे आपल्याकडे चालत नाही." बाई म्हणाली, "भाऊ, मी काय ही घरी पाडली? तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनीच दिली की!" शेवटी कनवटीला होत्या तेवढ्या दोन नोटांत बसेल एवढी डाळ तिने नेली. तेल व साखर तिथेच राहिली.

ती चौतीस नाणी वजनाला पाव किलोहून किंचित जास्त भरतील. एवढ्या ओझ्याने त्या दुकानाचा गल्ला फुटला नसता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण या बाबतीत दोन्ही बाजूंनी पुष्कळ अज्ञान आहे. २०११ च्या नाणेविषयक कायद्याच्या सहाव्या कलमाने मर्यादा घालून दिल्या आहेत. एक रुपया व त्यावरील मूल्याची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी विधिमान्य चलन आहेत. आठ आण्यांचे नाणे दहा रुपयांपर्यंत. चार आणे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेलीच. म्हणजे बाईचे ३४० रुपये कायद्याच्या मर्यादेत पुरते बसत होते. उलट, पाच हजारांचे देणे कोणी रुपया-रुपयाने आणून टाकले, तर ते सारे स्वीकारण्यास घेणारा बांधलेला नाही.

ही मर्यादा मला रास्त वाटते. चिल्लर हे गरिबाचे धन असते, तसेच ते दुसऱ्याला छळण्याचे साधनही होऊ शकते. २०२३ साली जयपूरच्या कौटुंबिक न्यायालयात पत्नीच्या थकलेल्या पोटगीचे ५५ हजार रुपये नाण्यांच्या पोत्यांतून आणण्यात आले होते. पोटगी मागणाऱ्या स्त्रीने ती पोती मोजत बसावे, हा त्यातील हेतू लपण्यासारखा नव्हता. तेव्हा 'नाणे सरकारचे आहे, कितीही आणले तरी घेतलेच पाहिजे' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु पोत्यांनी नाणी आणणारा हा अपवाद आहे, आणि पदराची गाठ सोडणारी बाई हा रोजचा व्यवहार आहे. अपवादाकडे बोट दाखवून रोजच्या व्यवहाराला दार बंद करावयाचे, हा मात्र अन्याय होय.

दुकानदाराच्या बाजूने एक कायदेशीर मुद्दा मांडला जातो. विधिमान्य चलनाचा नियम झालेले देणे फेडण्यापुरता आहे. विक्री पुरी होण्याआधी कोणत्या रूपात पैसे घ्यावयाचे हे ठरविण्यास विक्रेता मोकळा आहे, असा तो मुद्दा. नाणे नाकारणाऱ्यास शिक्षा कोणती, याविषयीही हा कायदा गप्पच आहे. वकिलांनी यावर खुशाल वाद घालावा. मला एवढेच दिसते की ज्या नाण्यावर अशोकस्तंभ आहे ते एका नागरिकाने श्रमाच्या मोबदल्यात घ्यावे आणि दुसऱ्याने अन्नाच्या मोबदल्यात नाकारावे, ही मोकळीक फक्त एकाच बाजूला मिळते. याच दुकानदारवर्गाने सुट्या पैशांच्या टंचाईच्या काळात आपल्या हातावर रुपयाऐवजी गोळ्या-चॉकलेटे ठेवली होती. ते 'चलन' आपण मुकाट्याने घेतले!

दहाच्या नाण्याची तर कहाणीच वेगळी. त्यावर दहा रेषा असल्या तर खरे, पंधरा असल्या तर खोटे. रुपयाचे चिन्ह नसले तर बाद, अशा अफवा नोटाबंदीच्या सुमारास उठल्या आणि राज्यातील अनेक बाजारपेठांत अद्याप ठाण मांडून आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी विधिमान्य आहेत. ते निवेदन वृत्तपत्रांत छापून आले; बाजारात पोचले नाही.

तथापि सारा दोष त्या दुकानदाराच्या माथी मारून मोकळे होणे मला जमत नाही. बाई गेल्यावर त्याने गल्ल्याखालची पिशवी मला दाखविली. ठोक व्यापारी ही नाणी घेत नाही. बँकेत नेली तर 'आज गर्दी आहे, मोजायला माणूस नाही, उद्या या' हे उत्तर. वस्तुतः कोणत्याही शाखेने नाणी नाकारू नयेत, शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्यावीत, लहान नाणी वजनावर घ्यावीत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. मोजायला माणूस नसेल तर तराजू तरी हवा ना? काही बँका तर चिल्लर भरण्यावर शुल्क आकारतात. अशा रीतीने बँकेने टाळलेले ओझे ठोक व्यापाऱ्याकडून किरकोळ दुकानदारावर, आणि तिथून ज्याला ते पुढे कोणावर ढकलता येत नाही त्याच्यावर येऊन पडते. मोबाइलवरून पैसे देणाऱ्या आपणासारख्यांना या उतरंडीची जाणीवही होत नाही. भाजीवालीनेही आता ती चौकोनी ठिपक्यांची पाटी लावावी, असा उपदेश करणारे भेटतात. पुष्कळ जणींनी लावलीही आहे. पण दहाची जुडी घेणारे गिऱ्हाईक खिशातले नाणेच पुढे करते, त्याला ती काय सांगणार?

म्हणून मागणी प्रथम सरकारकडे व बँकांकडे केली पाहिजे. एस.टी.चे वाहक, वीजबिल भरणा केंद्रे, रास्त भावाची दुकाने, तहसील कचेरी यांनी हजार रुपयांपर्यंतची नाणी विनातक्रार घ्यावीत आणि तशी पाटी मराठीत दर्शनी लावावी. बाजाराच्या दिवशी बँकेच्या शाखेने नाण्यांसाठी एक स्वतंत्र खिडकी उघडावी, शुल्क न घेता. एवढे झाल्यावरही जो दुकानदार बाईची नाणी मागे सारील, त्याला जाब विचारण्याचा अधिकार आपणास राहील. आमच्या गावची शाखा बाजारपेठेपासून दोनशे पावलांवर आहे आणि गुरुवारी ती उघडी असते.