सातव्या चक्रापाशी



गेल्या चातुर्मासात माझी नात एक प्रश्न घेऊन आली. “दादाजी, मोक्षाला जायचे असेल तर आईवर प्रेम करायचे नाही का?” ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील ‘द गुरू’ हा भाग तिने नुकताच पाहिला होता. उत्तर देण्यापूर्वी मीही तो तिच्या शेजारी बसून पाहिला.

निकेलोडियन वाहिनीने हा भाग १ डिसेंबर २००६ रोजी प्रथम दाखविला. नायक आंग अवघ्या बारा वर्षांचा, शाकाहारी वायुभिक्षूंच्या कुळातील एकटाच उरलेला. गुरू पथिक त्याला ओढ्याकाठी नेतात आणि दाखवितात की डोहातील शेवाळ दूर केले की पाणी आपोआप पुढे वाहते. देहातील सात चक्रांचेही तसेच. भय, अपराधभाव, लज्जा, शोक, असत्य आणि भ्रम हे सहा अडसर आंग एकामागून एक दूर करतो. मध्येच गुरुजी कांदा-केळ्याचा रस पुढे करतात, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला! सातवा अडसर आसक्तीचा. मैत्रीण कटारा हिच्याविषयीचे ममत्व सोड, असे गुरू सांगतात. आंग गोंधळतो. चौथ्या चक्रापाशी जे प्रेम शोकावरचे औषध ठरले, तेच आता बंधन कसे? तेवढ्यात कटारा संकटात असल्याचे दृश्य त्याला दिसते आणि साधना अर्धवट टाकून तो निघून जातो.

या प्रसंगावरून प्रेक्षकांत आजही दोन तट आहेत. मैत्रिणीसाठी सिद्धीवर पाणी सोडणारा आंग काहींना योग्य वाटतो. इतरांचे म्हणणे असे की, गुरूंनी प्रेम सोडायला सांगितलेच नव्हते. धरून ठेवणे तेवढे सोडायचे होते. २००८ च्या अंतिम भागात पाठीवरच्या जुन्या जखमेवर खडकाचे टोक आदळते आणि आंगची अडलेली शक्ती मोकळी होते. जे त्यागाने साधायचे ते आघाताने कसे साधले, ही तक्रारही अनेक प्रेक्षक करतात.

मला मात्र हे पाहताना इंद्रभूती गौतम आठवले. वयाच्या पन्नाशीत त्यांनी दीक्षा घेतली आणि तीस वर्षे ते प्रभू महावीरांच्या सान्निध्यात राहिले. त्यांच्या हातून दीक्षित झालेल्यांना केवलज्ञान झाले, त्यांना होईना. अडसर एकच, प्रभूंवरील स्नेहराग. परंपरा सांगते की, निर्वाणाच्या दिवशी प्रभूंनी त्यांना देवशर्मा ब्राह्मणाच्या प्रतिबोधासाठी दूर पाठविले. परतताना निर्वाणाची वार्ता कळली आणि ते व्याकूळ झाले. त्या शोकातच उमगले की, वीतरागाला कोणी आपला नसतो आणि परकाही नसतो. तत्क्षणी राग गळाला आणि केवलज्ञान प्रकटले.

येथे मला प्रेक्षकांच्या वादाचे उत्तर दिसते. पथिकांनी जे एका दिवसात मागितले, त्याला गौतमांसारख्या ज्ञानी गणधरांनाही तीस वर्षे लागली. आणि एवढ्या काळात प्रभूंनी त्यांना एकदाही दूर लोटले नाही. केवलज्ञानानंतर गौतमांची करुणा आटली नाही. पुढची बारा वर्षे ते विचरत राहिले. गळाले ते फक्त ‘माझे’पण.

दिवाळीला वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीची प्रार्थना लिहितो. लब्धी हवी, हे ठीकच. पण त्यांनी जे सोडले, त्याची नोंद आपण कोणत्या खात्यात करतो?

नातीला मी म्हणालो, “आईवर प्रेम जरूर कर. पण आपल्या मर्जीप्रमाणे तिने वागावे, असा हट्ट धरू नकोस. हट्ट म्हणजे ममत्व.”

तिने क्षणभर विचार केला. “मग पप्पा वेगळे दुकान काढतो म्हणाले, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला का नाहीत?”

मला उत्तर सुचले नाही. त्या सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर मी मुलापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटले आणि दुसऱ्या दिवशी त्याची नवी जागा पाहायला सोबत गेलो. डोह निवळला असे म्हणणार नाही. शेवाळ थोडे हलले, एवढे खरे.