पोवाडा संपल्यावर

१ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. त्याआधी ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलिसांना वीरमरण आले होते. अशा घरांतले आईवडील आता वयाने अधिकच थकले आहेत.

१ मे किंवा २१ ऑक्टोबरचा पोलीस स्मृतिदिन आला, की अशा मातापित्यांना सन्मानाने बोलावले जाते. शाल, श्रीफळ आणि मग शाहिराची डफावरची थाप. शौर्य गाणे हा पोवाड्याचा धर्मच. आईच्या दुःखाला त्यात फार तर एक कडवे मिळते. ते दुःख बायका जात्यावरच्या ओवीत सांगत आल्या. जाती गेली, सांगण्याची जागाही गेली. झाडीपट्टीच्या नाटकाला बसलेले आपण रंगमंचावरच्या आईसाठी मोकळेपणी डोळे पुसतो; घरातल्या आईला मात्र “रडू नका” म्हणतो!

“आजींना त्रास होईल, गाणे बंद करा,” असे म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु अश्रू हा आजार नव्हे. त्यांनाच विचारावे, “आई, जायचं का ऐकायला?” नको म्हणाल्या तर आग्रह नको, सत्कार टळला तरी चालेल. जाणार असतील तर जेवण आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर व्हावी. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन आपणांस ठाऊक आहेच. सावलीतली खुर्ची, पाणी आणि शेजारी घरचे माणूस हवे. खरी कसोटी संध्याकाळची, मंडप उतरल्यानंतरची. तेव्हा मुलाचे नाव घेऊन त्याच्या लहानपणाविषयी विचारावे आणि ऐकत बसावे.

तीव्र शोकाने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुर्बल होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी वर्णिलेला हा ‘ताकोत्सुबो’ विकार उतारवयातील स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणून छातीत दुखले वा दम लागला, तर ‘दुःखामुळे होते’ असे म्हणून थांबू नये. जंगलातल्या गावी रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो. १०८ क्रमांक लगेच फिरवावा.

सहा महिन्यांहून अधिक काळ लोटूनही शोक इतका तीव्र राहिला, की नित्याचे जगणेच थांबले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो उपचारयोग्य विकार मानला जातो. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. फोन आपण लावून द्यावा. बोलताना मात्र त्यांना एकांत द्यावा.